ठेवून दिलेलं इंजिन



या माइकसमोर मी याआधी बसलो तो कविता वाचायला. आज वही आणलेली नाही. आज मी तुम्हाला एका जुन्या ऑइल इंजिनाची गोष्ट सांगणार आहे. कुणी म्हणेल, हे मिस्त्रीचं काम, कवीनं त्यात कशाला पडावं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. म्हणून तर ते इंजिन ३७ वर्षं पडून राहिलं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. गावात अब्बांची पिठाची गिरणी होती. ती चालायची सहा हॉर्सपॉवरच्या इंजिनावर. इंजिन लिस्टर पद्धतीचं, राजकोटला बनलेलं. एकच उभा सिलिंडर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांची बिडाची जड चाकं. एका चाकावरून पट्टा जात्याकडे गेलेला. सायलेन्सरच्या तोंडावर अब्बांनी पत्र्याचा एक डबा बसवला होता. त्यातून ‘पुक् पुक् पुक्’ असा आवाज निघायचा आणि पार मळ्यापर्यंत ऐकू जायचा. तो ऐकला की बायका डब्या-पाट्या घेऊन निघायच्या. गिरणी सुरू झाली म्हणून वेगळी दवंडी द्यावी लागत नसे. ज्वारीच्या मागोमाग गव्हाचा नंबर आला, की जात्यात राहिलेलं पसाभर पीठ कुणाच्या डब्यात पडायचं यावरून रोज वाद व्हायचा. त्या वादात जात-धर्म नव्हता. ज्वारी आणि गहू, एवढेच दोन पक्ष होते.

आमच्या घरात दखनी, गिरणीत मराठी. इंजिनाच्या भागांची नावं मात्र दोन्हीकडे इंग्रजी, तीही अब्बांच्या उच्चारातली. गॅस्केटला ते ‘ग्यासकिट’ म्हणायचे आणि नोझलला ‘नाजल’. मी बीएला असताना एकदा त्यांना दुरुस्त करायला गेलो. ते म्हणाले, ‘‘तू बरोबर म्हण. मी बरोबर बसवतो.’’

गिरणीत माझं काम एकच होतं, पाण्याकडे बघायचं. इंजिनाशेजारी एक पिंप असे. पिंपाच्या खालच्या नळीनं गार पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळीत जायचं आणि गरम होऊन वरच्या नळीनं पुन्हा पिंपात यायचं. मध्ये पंप नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याची जागा गार पाणी घेतं, एवढ्यावर हा फेरा चालतो. शाळेच्या पुस्तकात याला अभिसरण म्हणतात. अट एकच. पिंपातलं पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली जाता कामा नये. गेलं की फेरा तुटला. मग पिंपात पाणी असूनही इंजिनाला ते मिळत नाही. अब्बा बाहेर जाताना दारातून म्हणायचे, ‘‘पानी देक रे.’’

१९८५चा मे महिना. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. लग्नसराई होती, रमजान तोंडावर आला होता, गिरणी सकाळपासून चालू होती. शुक्रवार असल्यानं अब्बा नमाजला गेले. मी पोत्यावर बसून वाचनालयातून आणलेला कवितासंग्रह वाचत होतो. किती पानं वाचली आठवत नाही. एवढंच आठवतं की, आवाज थांबला तेव्हा मी वर बघितलं. गरम तेलाचा आणि जळक्या रंगाचा वास सुटला होता. पिंपात डोकावलो, तर पाणी वरच्या नळीच्या खाली चार बोटं.

मी बादली भरून धावलो. तेवढ्यात अब्बा आले आणि त्यांनी माझा हात धरला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर बीड तडकतं. त्यांनी बादली खाली ठेवली, पट्टा उतरवला आणि आलेल्या बायकांना सांगितलं, ‘‘आज दळण होणार नाही.’’ मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी मला मामांकडे पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी परत आलो तेव्हा इंजिन गिरणीमागच्या खोलीत होतं आणि त्याच्या जागी विजेची मोटार. आपाच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्या मोटारीत गेले. ठरलेलं लग्न एक वर्ष पुढं ढकललं. घरात त्या दुपारबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. अब्बाही नाहीत, मीही नाही.

पुढं मराठी घेऊन बीए झालो, नोकरी लागली, सांगलीत घर केलं. कविता छापून येऊ लागल्या. माझ्या कवितेत गिरणी आली, पीठ आलं, अब्बांच्या पांढऱ्या भुवया आल्या. इंजिन कधी आलं नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र येत होतं.

अब्बा २००९ मध्ये गेले. २०२२च्या जानेवारीत धाकट्या भावाचा फोन आला. मागची खोली पाडून तो घर वाढवणार होता. भंगारवाला येऊन इंजिन बघून गेला होता. भाऊ म्हणाला, ‘‘बीड चांगलं आहे म्हणतो. किलोवर भाव देतोय. देऊ ना?’’ मी ‘थांब’ म्हणालो. का म्हणालो, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढच्या रविवारी टेंपो घेऊन गेलो. साडेतीनशे किलोच्या आसपासचं ते धूड सहा माणसांनी फळ्यांवरून सरकवत चढवलं आणि ते माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसलं.

तोपर्यंत मी सायकलचं पंक्चरही कधी काढलं नव्हतं. मिरजेत लेथ चालवणारे एक मिस्त्री आहेत, सत्तरी ओलांडलेले. ओळखीतून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘हँडल मारून बघितलंत का?’’ नाही म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, ‘‘सगळे तेच करतात. आत गंज असला, रिंगा चिकटल्या असल्या, तर जोर लावून आणखी मोडतोड होते. आधी खोलायचं. खोलायच्या आधी फोटो काढायचे. काढलेला प्रत्येक नट जिथला तिथं लिहून ठेवायचा. तुम्ही लिहिणारे आहात, एवढं जमेल.’’

तेवढं जमलं. बाकीचं जमायला १६ महिने लागले, तेही रविवारचे. एकट्या चाकांनी तीन रविवार घेतले. ही चाकं शाफ्टवर पाचरीसारख्या चावीनं घट्ट केलेली असतात. तीस-चाळीस वर्षांत चावी आणि चाक एकजीव होऊन जातात. हातोडीनं ठोकत बसलो तर चावीचं डोकं तुटायचं, म्हणून रोज तेल सोडायचं आणि दोन बाजूंनी दोन पाचरी हळूहळू सरकवायच्या. तिसऱ्या रविवारी ‘टण्’ असा आवाज आला आणि चावी केसभर हलली. एखादा अडलेला शब्द सापडल्यावर होतो तेवढा आनंद मला त्या केसभर हलण्यानं झाला.

मग हेड उघडायचं ठरलं. त्या दिवशी मिस्त्री स्वतः आले. मला वाटलं होतं, नट निघता निघणार नाहीत. पण पाना लावताच ते सुटले, जणू नुसते हातानं आवळलेले होते. हेड उचललं आणि मिस्त्री थांबले. सिलिंडर वरपर्यंत ग्रीसनं भरलेला होता. ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, पण खाली गंजाचा ठिपका नव्हता. सायलेन्सरच्या वाटेत तेलात भिजवलेला बोळा होता. तो मी बाहेर ओढला. चौकड्याच्या लुंगीचा तुकडा. ती लुंगी मी ओळखली.

मिस्त्री म्हणाले, ‘‘हे बंद पडून तसंच टाकलेलं इंजिन नाही. हे कुणीतरी उघडून बघितलंय आणि नीट ठेवून दिलंय. पुन्हा उघडायचं म्हणून.’’

पिस्टन अडकलेला होताच. खालच्या दारातून कनेक्टिंग रॉड सोडवला, पिस्टनसकट ब्लॉक उचलला आणि मिस्त्रींच्या प्रेसवर दाबून पिस्टन बाहेर काढला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते. तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरला घासत गेला की असे ओरखडे उठतात. म्हणजे माझा गुन्हा माझ्यासमोर धातूवर लिहिलेला होता. मी गप्प उभा राहिलो. मिस्त्रींनी मात्र ब्लॉक उलटा करून पाण्याच्या पोकळीत बॅटरी मारली आणि मला बोलावलं.

आत पांढरा थर साचला होता, जुन्या माठाच्या बुडाला असतो तसा, पण बोटभर जाड आणि दगडासारखा. आमच्या विहिरीचं पाणी जड. वर्षानुवर्षं त्यातला क्षार बसत गेला होता. ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटा जवळजवळ बुजल्या होत्या. त्यातल्या एका वाटेत तारेनं कोरल्याच्या खुणा होत्या. कुणीतरी थर किती खोल आहे ते तपासून बघितलं होतं.

मी मिस्त्रींना त्या शुक्रवारची हकिकत सांगितली. ही हकिकत मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘पाणी खाली गेलं हे खरं. पण पिंप काठोकाठ भरलेलं असतं तरी हे इंजिन त्या उन्हाळ्यात अडकलंच असतं.’’ मला बरं वाटतंय न वाटतंय तोच ते पुढं म्हणाले, ‘‘पण आवाज बदलला असणार. इंजिन एकदम अडकत नाही. आधी जड होतं, सांगत राहतं. तुमचा कान कुठं होता?’’

म्हणजे मी अर्धा सुटलो आणि अर्धा राहिलो. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. तारेनं कोरणारा हात अब्बांचा होता. म्हणजे तो थर त्यांनी १९८५ मध्येच पाहिला होता. मग मला सांगितलं का नाही? इतकी वर्षं मला वाटत होतं की, ते गप्प राहिले म्हणजे त्यांनी मला दोषी धरलं. आता वाटू लागलं, ती पोकळी वेळच्या वेळी साफ करणं हे त्यांचं काम होतं. ते राहून गेलं होतं. मोटारीसाठी मुलीच्या लग्नाचे पैसे मोडावे लागले याचं ओझं कदाचित ते स्वतःच्या माथ्यावर घेऊन वावरत होते, आणि माझं गप्प राहणं त्यांना त्यांच्यावरचा ठपका वाटत असेल. एका घरात, एका ताटात जेवणारी दोन माणसं आपापली चूक २४ वर्षं सांभाळत बसली. एका वाक्यानं दोघंही सुटलो असतो. शब्दांचा धंदा करणारा मी, ते एक वाक्य मला सुचलं नाही.

असो. इंजिन उभं करायचं होतं.

हे इंजिन मुळात इंग्लंडचं. डर्सली नावाच्या गावातल्या लिस्टर कंपनीनं १९३०च्या सुमारास ते बाजारात आणलं. सावकाश चालणारं, जड, खेड्यातल्या माणसाला स्वतः खोलता यावं असं. पुढं राजकोटच्या कारखान्यांनी त्याच नमुन्याची इंजिनं बनवली आणि इंग्लंडमध्ये त्याचं उत्पादन थांबल्यावरही राजकोटमध्ये ती बनत राहिली. त्यामुळं पिस्टन, रिंगा, गॅस्केट, बेअरिंग, सगळं मिळालं. आमच्या भागाला तर इंजिनांचं नवल नाही. किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली. तिथं १९१०च्या सुमारास माळावर कारखाना उभा राहिला, नांगर निघाले, पंप निघाले. १९४६ मध्ये पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांसाठी किर्लोस्करांची वेगळी कंपनी निघाली. आणि त्याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं, तेच पुढचं ‘किर्लोस्कर’. लोखंड आणि लेखन एका माळावर नांदत होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घेतला. पोकळीतला क्षार सौम्य आम्लानं थोडा थोडा विरघळवला. या कामाला चार दिवस लागले. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, पेन्सिलची रेघ पुसली जाईपर्यंत. जुनं गॅस्केट काढताना मिस्त्रींनी ते आधी ओलं करायला लावलं, कारण जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. नोझलचा फवारा तपासताना माझा हात पुढं गेला, तेव्हा ते ओरडले. तो फवारा शंभराहून जास्त वातावरणांच्या दाबानं निघतो, कातडीतून आत शिरतो.

सगळ्यात आवडलेलं काम सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती ५०० अंशांपर्यंत तापते आणि त्यात पडलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी पिस्टन अगदी वर आला की हेड आणि पिस्टन यांच्यात दीड मिलिमीटरच्या आसपास फट राहावी लागते. जास्त राहिली तर इंजिन पेटत नाही, कमी राहिली तर पिस्टन हेडला धडकतो. बंद सिलिंडरच्या आतली ही फट मोजायची कशी? पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवायचे, हेड बसवून आवळायचं, चाक हातानं एक फेरा फिरवायचं आणि पुन्हा उघडून चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. माझी पहिली तार दोन मिलिमीटर भरली. ब्लॉकखालच्या पातळ पट्ट्या काढायच्या, पुन्हा आवळायचं, पुन्हा फिरवायचं. पाचव्या खेपेला माप आलं. कवितेत एखादी ओळ पाचव्या खेपेला जमली असं मी म्हटलं, तर लोक विश्वास ठेवतात. पण तिथं माझ्याकडे शिशाची तार नसते. ओळ जमली की मीच म्हणतो, जमली. इंजिन माझ्या म्हणण्यावर चालत नाही.

२०२३च्या मे महिन्यात एका रविवारी सगळं तयार झालं. भाऊ आला, आपा आली. तिला आता चालायला काठी लागते. मी पिंप भरलं. मिस्त्रींनी हँडल माझ्या हातात दिलं आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला सांगितलं. हँडलाला वेढा घालून अंगठा ठेवला आणि इंजिनानं उलटा झटका दिला, तर अंगठा जातो. व्हॉल्व्ह उचलून धरणारा लिव्हर लावला, म्हणजे आतला दाब सुटतो आणि चाक हातानं फिरवता येतं. दहा-बारा फेरे दिले, चाकानं वेग घेतला, मिस्त्रींनी लिव्हर सोडला. एकदा ‘फस्स’ झालं आणि थांबलं. दुसऱ्यांदा पांढरा धूर निघाला. माझा श्वास संपला होता. भाऊ म्हणाला, ‘‘मी मारू का?’’ मी नको म्हटलं. तिसऱ्यांदा एक ठोका पडला, मग दुसरा, मग ठोक्यांची रांग लागली.

मिनिटाला साडेसहाशे फेरे आणि दोन फेऱ्यांना एक ठोका. शंभर सीसीची मोटारसायकलसुद्धा या १४०० सीसीच्या इंजिनापेक्षा जास्त हॉर्सपॉवर देते, पण त्यासाठी तिला मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारावे लागतात. याला घाई नाही. शेजारची मुलं गोळा झाली. आपा काठीवर दोन्ही हात टेकून उभी होती. मला वाटलं, ती जुनं काही बोलेल, लग्नाचं, मोटारीचं. ती पिंपाकडे गेली, आत वाकून बघितलं आणि मला म्हणाली, ‘‘पानी देक रे.’’ मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता तिला मी सगळं सांगितलं. क्षाराचं, तारेचं, लुंगीच्या तुकड्याचं. ती म्हणाली, ‘‘अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, पोराला एकदा सांगायचंय.’’ काय सांगायचंय, ते तिनं त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मला विचारतात, आता या इंजिनाचा उपयोग काय? काही नाही. दळण विजेवर होतं. धूर आणि आवाज होतो, म्हणून मी ते महिन्यातून एकदा, दुपारी, दहा मिनिटं चालवतो. पिंपाजवळ उभा राहतो. पुस्तक घेऊन बसत नाही. ठोका ऐकत राहतो. जड झाला का, सुटला का, ते आता मला कळतं. लिहिताना ओळ जड झाली, तर तेही पूर्वीपेक्षा लवकर कळतं असं वाटतं. पण त्याचा निकाल मी देणं बरं नव्हे.

श्रोतेहो, तुमच्याही वाड्यात, विहिरीवर, मागच्या खोलीत असं एखादं इंजिन पडून असेल. ते भंगारात घालायच्या आधी एकदा उघडून बघा. हँडल मारायची घाई करू नका. तेल सोडा, आठ दिवस वाट बघा, पाण्याच्या वाटा तपासा. आणि ते ज्यांनी चालवलं ती माणसं अजून घरात असतील, तर आधी त्यांना विचारा, हे बंद कसं पडलं? जी गोष्ट समजायला मला १६ महिने आणि एक प्रेस लागला, ती कदाचित तुम्हाला चहा पिता पिता कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)